नाक्यावरचा गवई

‘डीप स्पेस नाइन’ ही मालिका दूर अंतराळात घडते, असं सगळे सांगतात. मला विचाराल तर ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या आसपासच घडते. गोष्ट ऐका आणि मग ठरवा. सरहद्दीवर एक ठाणं आहे. ते बांधलं कार्डेशियन लोकांनी, त्यात राबवून घेतलं बेजोरी लोकांना, आणि आता बेजोरींचं सरकार आलं तरी कारभार पाहायला आलेत तिसरेच, फेडरेशनवाले. राज्य बदललं तसं ठाण्याचं नाव बदललं. आधी टेरॉक नोर होतं, आता डीप स्पेस नाइन. पण जुने मालक अजून जुनंच नाव घेतात, तेही मुद्दाम. फौजदार मात्र तोच. आधीच्या राजवटीत गस्त घालायचा, नव्या राजवटीतही घालतो. खाली बाजारपेठ आहे, तिथं क्वार्क नावाचा हॉटेलवाला सगळ्यांना सगळं विकतो आणि कुणाच्याच बाजूचा नसतो. जरा पुढं गेलं की आकाशगंगेच्या पार पलीकडं निघणारं एक भुयार आहे, त्यामुळं रहदारी जबर. कोण कुणाचा, ठाणं कुणाचं आणि भुयार नेमकं कुणाच्या हद्दीत, याचा खल 1993 ते 1999 अशी सात वर्षं चालला. आमच्याकडं तो 1956 पासून चालू आहे, एवढाच काय तो फरक.

निपाणीत वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, 1973 मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, आणि 2014 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव कागदोपत्री बेळगावी झालं. दरवर्षी याच तारखेला एका चौकात लाल-पिवळे झेंडे असतात आणि पलीकडच्या गल्लीत काळ्या फिती. आमची पोरं शिकायला देवचंद कॉलेजात जातात. कॉलेज निपाणीला अगदी खेटून, पण ते अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सकाळच्या पहिल्या तासाला परराज्यात जायचं आणि दुपारी जेवायला स्वराज्यात परत यायचं, हे ज्यांनी वर्षानुवर्षं केलं त्यांना अंतराळातल्या भुयाराचं काय कौतुक!

ही मालिका मला लावून दिली भाच्यानं. तो बंगळूरला संगणकातलं काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला अनेकदा सांगितलंय आणि मी अनेकदा मान डोलावलीय. “मामा, तुमच्या सीमाप्रश्नावरच आहे बघा ही,” म्हणून त्यानं मला गुंतवलं. मग सहावं पर्व संपत आलं तसा त्याचा फोन. “मामा, आता एक गाणारा बाबा येईल. तेवढं पुढं ढकलत जावा. कथेचा आणि त्याचा काही संबंध नाही.”

मी ढकललं नाही. कथेशी संबंध नसलेलं गाणं पुढं ढकलायची सवय आमच्या पिढीला नाही.

त्या गाणाऱ्या बाबाचं नाव व्हिक फाँटेन. एप्रिल 1998 मध्ये दाखवलेल्या ‘हिज वे’ या भागात तो पहिल्यांदा येतो. तेव्हा ठाण्यावर युद्ध पेटलेलं. रोज कुठलं ना कुठलं जहाज फुटतंय, मेलेल्यांच्या याद्या भिंतीवर लागतायत. आणि क्वार्कच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर, तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या एका खोलीत, काळा कोट आणि बो घातलेला एक माणूस बोटानं चुटकी वाजवत गातोय. या खोल्यांना होलोसूट म्हणतात. प्रकाश आणि बलक्षेत्रं यांच्या जोरावर खोलीत पाहिजे ते उभं करता येतं: डोंगर, लढाई, देऊळ. ठाण्यावरच्या डॉक्टर बशीरनं तिथं उभं केलं 1962 सालचं लास व्हेगास. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, मंद दिवे, मागं वाद्यवृंद, पुढं व्हिक. चोविसाव्या शतकातली ही माणसं. मनात आलं तर क्षणात दुसऱ्या ग्रहावर जातील. पण दिवसभराचं काम उरकलं की चारशे वर्षांपूर्वीच्या एका हॉटेलात खुर्ची ओढून गाणं ऐकत बसतात. इकडं आम्ही फाइव्ह-जी फोनवर बालगंधर्वांच्या तबकड्या शोधत असतो, त्यामुळं हसायला जागा नाही.

व्हिकची गंमत अशी की आपण खरे नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. होलोसूटमधली बाकीची पात्रं स्वतःला खरीच समजतात. व्हिक मात्र पहिल्याच भेटीत सांगून टाकतो की आपण म्हणजे नुसता उजेड आहोत. त्याला खोलीबाहेर पाऊल टाकता येत नाही. कुणीतरी यावं, बटण दाबावं, तेव्हा तो जागा होणार. पैसे भरलेली वेळ संपली की विझणार. एवढं असून माणसाची पारख मात्र जबरदस्त. फौजदार ओडो हा मूळचा द्रवपदार्थ. पाहिजे तो आकार घेऊ शकतो, पण किरा नावाच्या बाईसमोर गेला की त्याचा नुसता खांब होतो. वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं तोंडातून निघत नाही. व्हिक एका नजरेत ओळखतो. त्याला पियानोपुढं बसवतो, कोट घालायला लावतो, जरा सैल सोडायला शिकवतो. मग एक दिवस खोट्या किराच्या जागी खऱ्या किरालाच नाचायला घेऊन येतो आणि ओडोला त्याचा पत्ताच लागू देत नाही. आमच्याकडं हे काम पूर्वी मावश्या करायच्या.

भाच्याचा आक्षेप तसा सरळ होता. एवढं युद्ध चाललंय, आणि हा बुवा मधेच अख्खं गाणं म्हणतोय! एका मुक्कामी तो इथं आला असताना आम्ही मिळून एक भाग पाहत होतो. शेजारचे तात्या तंबाखू मळत दारात टेकले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी दोन मिनिटं पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “संगीत नाटक हाय की हे. रडायचं आलं का गाणं म्हणायलेत बघ.”

तात्यांनी वर्म सांगितलं. मराठी माणसाला हा प्रकार नवा नाहीच. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. तोवर गाणं सूत्रधाराकडं असे, आता पात्रंच गाऊ लागली. दुष्यंत गातो, शकुंतला गाते, कण्वमुनींच्या डोळ्यांत पाणी येतं ते सुरात येतं. गोष्ट पुढं सरकायची थांबली म्हणून प्रेक्षक चुळबुळत नव्हते, ते त्याच क्षणासाठी तिकीट काढून आलेले असत. पद संपलं की ‘वन्स मोअर’. इंग्रजांनी आपल्याला जे थोडेफार शब्द दिले त्यांतला हा सगळ्यात कारणी लागलेला. विरहानं व्याकूळ नायिका पुन्हा एकदा पहिल्यापासून व्याकूळ व्हायची, आणि चुलीवर दूध ठेवून आलेल्या बायकासुद्धा उठायच्या नाहीत.

आता हे अण्णासाहेब किर्लोस्कर कुठले? बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. जन्म 31 मार्च 1843. बेळगावात त्यांनी नोकरी केली, नाटकाचा नाद वाढवला, आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्याच 1843 च्या नोव्हेंबरात विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीकर राजेसाहेबांना तसंच काही मराठीत पाहिजे झालं म्हणून. जुन्या नाटकांची छापील पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर चालीचा उल्लेख सापडतो, आणि त्यात अधूनमधून चाल कानडी असल्याची नोंद असते. म्हणजे ज्या गाण्यांवर मराठी माणूस ऊर भरून अभिमान बाळगतो, त्यांतली काही नाका ओलांडून आलेली. तेव्हा नाका नव्हता म्हणा. जकात भरावी लागली असती तर मराठी रंगभूमीचं दिवाळंच निघालं असतं.

व्हिकला बालगंधर्वांच्या पंगतीला बसवायची माझी तयारी नाही. त्याचा गळा गोड आहे, शब्द स्वच्छ, लय ऐटदार. पण अंगावर काटा यावा असा सूर तो लावत नाही, आणि त्याला लावायचाही नाही. तो वेगळ्या जातीचा गवई आहे, आणि ती जात मी जवळून पाहिलेली आहे. आमच्या भागातल्या यात्रांना ऑर्केस्ट्रा येतो, त्यातला गायक.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळापुढच्या पटांगणात ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं. जनरेटरची घरघर, ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ची दहा आवर्तनं, प्रतिध्वनी इतका वाढवलेला की नमस्कार म्हटला तरी शेजारच्या गावाला पोचावा. मग तो येतो. चमकीचा कोट, त्याच्या बाहीवर एके ठिकाणी टिकल्या गळालेल्या, केस मागं फिरवलेले, पायात पांढरे बूट. एका हातात माइक आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत फर्माइशींच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या वहीच्या पानाच्या, कुठं बिडीच्या कागदाच्या, काहींत दहाची नोट गुंडाळलेली. तो चिठ्ठी उलगडतो, दिव्याकडं धरतो, भुवया उंचावतो. “एल्लरिगू नमस्कार! आमच्या मंडईतल्या मित्रमंडळींची फर्माइश आहे...” आणि डॉ. राजकुमारांचं कानडी गाणं सुरू. ते संपता संपता पुढची चिठ्ठी, आणि ठसकेबाज लावणी. मग हिंदी. मग एका म्हाताऱ्या बाईनं पाठवलेला विठ्ठलाचा अभंग, आणि त्या वेळी हा गडी पांढरे बूट काढून बाजूला ठेवतो. मंडळी कुठल्या भाषेची हे तो चिठ्ठीच्या अक्षरावरून ओळखतो, आणि भांडण कुठं शिजतंय हे मागच्या रांगेतल्या माना बघून. दोन पोरं गुरगुरायला लागली की नेमकं त्याच वेळी तो सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतो. हात टाळ्यांत गुंतले की गुद्दे बसत नाहीत. हे शास्त्र कुठल्या संगीत विद्यालयात शिकवत नाहीत.

व्हिक तोच. फरक इतकाच की व्हिकच्या श्रोत्यांत एक द्रवपदार्थ, एक क्लिंगॉन योद्धा आणि मोठ्या कानांचे फेरेंगी असतात. शिवाय त्याच्या हॉटेलात मोडतोड झाली तर खुर्च्यांची भरपाई यात्रा कमिटीला द्यावी लागत नाही. आणि मोडतोड होते. वॉर्फ हा क्लिंगॉन. त्याची बायको जाडझिया युद्धात मारली जाते. तो रडत नाही, कारण क्लिंगॉन रडत नाहीत. तो व्हिककडं येतो, तिचं आवडतं ‘ऑल द वे’ म्हणायला सांगतो, आणि ते संपल्यावर अख्ख्या दुकानाचा चुराडा करतो. व्हिक तक्रार करत नाही. तो दुसऱ्या दिवशी दोस्तांना काळजीनं सांगतो की या माणसाला जपायला पाहिजे. चिठ्ठी ओळखणं म्हणतात ते हे.

पुलंच्या ‘गणगोत’मधले बेळगावचे रावसाहेब इथं आठवल्याशिवाय राहत नाहीत. कानडी हेलाची मराठी, तोंडात शिव्यांची लाखोली, आणि गाणारा-वाजवणारा दिसला की जीव ओवाळून टाकायची तयारी. व्हिक शिव्या देत नाही, अमेरिकन टीव्हीवर चालत नाहीत. पण ज्याला त्याला ‘पॅली’ म्हणून खांद्यावर हात टाकायची त्याची रीत पाहिली की वाटतं, याला एकदा बेळगावात आणावं, रावसाहेबांच्या शेजारी बसवावं, कुंदा खायला घालावा, आणि दोघांत जास्त कोण बोलतं ते बघावं. पैज मी रावसाहेबांवर लावीन.

आता नॉगची गोष्ट. भाच्याला मी सांगितलं, बाकी सगळं ढकल, हे ढकललंस तर मामा-भाचे संबंध तुटले. नॉग हा क्वार्कचा पुतण्या. त्याच्या फेरेंगी जमातीचा पहिला पोरगा, जो व्यापार सोडून लष्करात गेला. घरच्यांचा विरोध, याचा उत्साह. आमच्याकडं बिडी-तंबाखूच्या पेढीवरचा मुलगा सैन्यात गेल्यावर जे होईल तेच. एका उजाड ग्रहावरच्या लढाईत त्याचा पाय जातो. तिथं छावणीत डॉक्टरनं व्हिकचं एक ध्वनिमुद्रण लावलेलं असतं, ‘आय विल बी सीइंग यू’. पोरगा ठाण्यावर परत येतो. नवा कृत्रिम पाय उत्तम बसलेला, तपासण्यांत सगळं ठीक. पण तो लंगडतो. आणि खोलीत दिवसरात्र तेच एक गाणं लावून पडून राहतो. सोबत राहणारा दोस्त वैतागतो. मग नॉग उठतो आणि थेट व्हिककडं जातो. तेच गाणं म्हण. व्हिक म्हणतो. पुन्हा म्हण. व्हिक चाल बदलून म्हणतो. पुन्हा. संथ, जलद, अशा डझनभर तऱ्हांनी.

वन्स मोअर! नाट्यगृहात वन्स मोअर ही खुषीची पावती असते. इथं तो पोरगा दुसऱ्याच कारणानं मागतोय. गाणं थांबलं की लढाई सुरू होते, म्हणून गाणं थांबू द्यायचं नाही. दिवसातून पाच वेळा एकच अभंग लावणारी माणसं आपण सगळ्यांनी घरात पाहिलेली असतात, आणि ‘किती वेळा तेच तेच’ असं त्यांना म्हटलेलंही असतं.

नॉग मग तिथंच मुक्काम ठोकतो, 1962 सालात. व्हिकच्या खोलीत राहतो, त्याच्याबरोबर जुने काउबॉयचे सिनेमे पाहतो. व्हिक त्याला एक देखणी काठी भेट देतो. फेरेंगी रक्त, स्वस्थ बसवत नाही म्हणून नॉग व्हिकच्या धंद्याच्या चोपड्या तपासायला घेतो, आणि हिशेबात दिसतं की हॉटेल वाढवायला पैसा पुरेसा आहे. एका केव्हाच सरलेल्या सालातल्या, नसलेल्या हॉटेलाच्या हिशेबात हा पोरगा रमून जातो. आणि यात दुसरी एक गोष्ट घडत असते, ती मला फार आवडली. नॉग राहतोय म्हणून खोली चोवीस तास चालू. चोवीस कसले, बेजोरी दिवस सव्वीस तासांचा. व्हिकला पहिल्यांदाच सलग जगायला मिळतं. तो रात्री झोपतो, सकाळी उठतो, पेपर वाचतो. गाणाऱ्याला श्रोते मिळतात तेव्हा त्याचं काय होतं, हे इतक्या सरळ कुणी दाखवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणि तरी तोच त्याला बाहेर काढतो. इथं राहायचं बरं वाटतंय, पण तुझं घर बाहेर आहे, असं सांगून व्हिक स्वतःचंच बटण बंद करतो. स्वतःचं जगणं विझवून. नॉग आदळआपट करतो, यंत्र उघडून खटपट करतो. व्हिक येत नाही. शेवटी पोरगा खरं बोलतो, की मला भीती वाटते. लढाईला गेलो तेव्हा आपल्याला काही होणार नाही असं वाटायचं, आता काहीही होऊ शकतं हे कळलंय. एवढं ऐकल्यावर व्हिक दिसतो. या भागात व्हिकनं गायलेल्या गाण्यांपेक्षा त्याचं ते न गाणं जास्त चांगलं आहे, असं माझं मत.

आजारी माणसाचं आणि गाण्याचं नातं काय असतं, याची एक थोरली गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या पदरात आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 ला शिवपुत्र कोमकळीमठ जन्मला. घरची भाषा कानडी. हे पोर तबकड्या ऐकायचं आणि मोठमोठ्या बुवांची गाणी जशीच्या तशी, तान-तान, खटका-खटका, गाऊन दाखवायचं. सातव्या-आठव्या वर्षी एका स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तीच नाव झाली. म्हणजे हाही सुरुवातीला एका अर्थी यंत्रातून निघालेलाच गवई. तबकडीतला आवाज छोट्या पोराच्या अंगात उतरलेला. पुढं प्राध्यापक देवधरांकडं मुंबईत शिक्षण, नाव, कौतुक. आणि मग क्षय. हवापालट म्हणून 1948 मध्ये देवासला गेले. काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी. अंथरुणावर पडून काय करणार? ऐकणार. खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची भजनं. बरे होऊन ते परत गायला बसले तेव्हा तबकडीतलं पोर मागं राहिलं होतं. गाणं त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्यात माळवा आला होता. कबीर आला. मराठी नाट्यपदं तर ते असे गायचे की कानडी मुलखातून आलेला हा माणूस बालगंधर्वांचं ऋण फेडतोय असं वाटावं. त्या एका नावावर कानडी, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषा हक्क सांगतात, आणि अजून कोर्टात गेलेल्या नाहीत.

सगळं गोड आहे म्हणून डोळे मिटावेत असंही नाही. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन सिस्को व्हिकच्या हॉटेलात पाऊल टाकत नाही. तो काळा माणूस. 1962 सालच्या व्हेगासमध्ये आपल्यासारख्यांना गिऱ्हाईक म्हणून कोण येऊ देत होतं, असं तो विचारतो. साल थोडं पुढचं असलं तरी मुद्दा बरोबरच आहे. तिथल्या हॉटेलांनी काळ्या गिऱ्हाइकांना दारं उघडण्याचं कबूल केलं ते 1960 च्या मार्चमध्ये, तेही मोर्च्याची धमकी दिल्यावर. त्याआधी सॅमी डेव्हिस ज्युनियरसारखा कलावंत ज्या हॉटेलात गायचा त्याच हॉटेलात त्याला राहायला खोली मिळत नसे. सिस्कोची मैत्रीण कॅसिडी त्याला म्हणते, तेव्हा कसं होतं ते आपण विसरत नाही. पण हे हॉटेल कसं असायला पाहिजे होतं ते दाखवतंय. सिस्कोला पटतं. शेवटी तोच व्हिकच्या शेजारी उभा राहून गातो. एव्हरी ब्रूक्स या नटाचा गळा असा भरदार की व्हिकला जरा बाजूला सरकावं लागतं.

आपल्या संगीत नाटकाच्या आठवणी काढतानाही असा एखादा सिस्को शेजारी बसलेला बरा. बालगंधर्वांच्या शालूचं, नथीचं, चालण्याचं कौतुक करायचं ते करावंच. पण त्या काळात बाईची भूमिका बाईला का करता येत नव्हती, हेही कुणीतरी विचारावं. हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांना घेऊन नाटक कंपनी काढली आणि स्वतः उभ्या राहिल्या, तेव्हा जे नाक मुरडून बघत होते तेच पुढं त्यांच्या गाण्याला पहिल्या रांगेत बसले. होलोसूट मिळाला तर मी 1921 चा संयुक्त ‘मानापमान’ लावीन, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर. आणि कॅसिडीच्या हिशेबानं माझ्या प्रयोगात तिकिटाच्या खिडकीवर कुणाला अडवणार नाहीत.

व्हिकसारख्या उजेडाच्या माणसाला होलोग्राम म्हणतात. तो म्हणजे काय, हे मी भाच्याला एकदा विचारून ठेवलं होतं. त्यानं सांगितलं की खरा होलोग्राम डेनिस गॅबोर यांनी 1947 मध्ये शोधला, त्याबद्दल त्यांना 1971 मध्ये नोबेल मिळालं. पण आपल्याकडं प्रचारसभांत नेत्यांना स्टेजवर ‘उभं’ करतात तो खरा होलोग्राम नव्हे. ती एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या नाटकवाल्यांची युक्ती आहे, तिरकी काच आणि तिच्यात पडलेलं प्रतिबिंब. रंगमंचावर भूत दाखवायला काढलेली. म्हणजे हेही खातं नाटकाचंच निघालं.

व्हिकचं काम केलं जेम्स डॅरन यांनी. 1936 चा जन्म, फिलाडेल्फियाचे. खरोखरच्या 1962 मध्ये ते पंचविशीतले लोकप्रिय गायक-नट होते, मुलींच्या वह्यांत फोटो असणारे. 1966 मध्ये ‘द टाइम टनेल’ या विज्ञान मालिकेत ते काळाच्या बोगद्यात अडकलेल्या शास्त्रज्ञाचं काम करत होते, दर आठवड्याला नव्या शतकात आपटत. तीस वर्षांनी त्याच माणसाला चोविसाव्या शतकात बसवून 1962 सालच्या हॉटेलात गाणी म्हणायला लावली. या भूमिकेसाठी आधी फ्रँक सिनात्रांच्या मुलाला विचारलं होतं. तो मालिकेचा चाहता. पण गाणारा माणूस नको, परग्रहवासी द्या, असं त्याचं म्हणणं पडलं. घरी आयुष्यभर गाणारा माणूसच पाहिलेला, त्यामुळं कंटाळला असेल. 1999 मध्ये मालिका संपली तेव्हा शेवटच्या भागात सगळे व्हिककडं जमतात. युद्ध संपलंय, उद्यापासून कुणी इकडं, कुणी तिकडं. व्हिक निरोपाचं गाणं म्हणतो आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरतो. ठाणं कुणाचं हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नसतो, पण त्या रात्री तो कुणी काढत नाही.

2024 च्या सप्टेंबरात डॅरन गेले. भाच्यानं मेसेज पाठवला: “मामा, तुमचा गाणारा बाबा गेला.” त्यानं ते भाग नंतर न ढकलता पाहिले होते, हे मला त्याच्या मेसेजमधल्या रडक्या चेहऱ्यावरून कळलं. मी लिहिलं, डॅरन गेले, व्हिक कुठं गेलाय? नॉगनं क्वार्कशी बोलून त्याचा दिवा सव्वीस तास चालू ठेवायची व्यवस्था केलीय. मग मनात आलं म्हणून विचारलं, एवढ्या सव्वीस तासांचं वीजबिल कोण भरत असेल रे?

बराच वेळ तो टाइप करतोय असं दिसत होतं. मग उत्तर आलं.

“फेरेंगी आहे मामा तो. क्वार्ककाकाच्या खात्यावर टाकत असणार.”